स्लॅबचा पोपडा सुटतो, तेव्हा आत काय झालेले असते?

भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावात तीस-चाळीस वर्षांपूर्वी टाकलेला स्लॅब असेल, तर पावसाळा सरल्यावर तो खालून एकदा नीट पाहावा. सळईच्या रेषेत सरळ गेलेली चीर, तांबूस डाग, कुठे फुगलेला पोपडा. ‘सिमेंट जुने झाले’ म्हणत त्यावर नवा गिलावा मारला जातो. आजार मात्र बहुतेक वेळा आतल्या लोखंडाचा असतो.

सिमेंटमध्ये पाणी मिसळले की चुनाही तयार होतो. त्यामुळे काँक्रीटचा पीएच १२.५ च्या वर राहतो आणि सळईवर एक अतिशय पातळ थर धरतो. तोच तिला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून आत शिरून या चुन्याची चुनखडी करतो. गंमत अशी, की त्याने काँक्रीट थोडे कठीणच होते! पण पीएच ९ च्या आसपास उतरतो, सळईचे कवच जाते आणि ओल मिळताच गंज चढतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती तो काँक्रीट फोडून मिळवतो.

कोरड्या महिन्यांत छिद्रे मोकळी असतात, वायू आत जातो. पावसाळ्यात गळकी गच्ची पाणी पुरवते. समुद्राकाठी मीठच हे कवच भेदते. पणजीचा मांडवीवरचा पूल १९८६ मध्ये कोसळला, तेव्हा त्याला दोन दशकेही झाली नव्हती. आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. भोरजवळचे भाटघर धरण शंभरीला आले, पण ते दगडी, स्वतःच्या वजनावर उभे. त्याची मदार सळयांवर नाही.

वायू आत सरकण्याचा वेग हळूहळू मंदावतो. १० मिलिमीटरला १० वर्षे लागली, तर २० मिलिमीटरला साधारण ४० लागतात. म्हणून स्लॅब भरताना सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सारणे फार महाग पडते. मालात जास्त पाणी ओतणे आणि नंतर स्लॅबवर पुरेसे दिवस पाणी न मारणे, हेही तसेच.

तपासणी सोपी आहे. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात; गुलाबी झाला तर चुना शाबूत, रंग आला नाही तर वायू तिथवर पोहोचलेला. दुरुस्तीत आधी गच्चीची गळती थांबवावी लागते, मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून गंज घासावा लागतो. सळई किती झिजली, हे अभियंत्यानेच पाहावे. ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर तोवर त्याखालची खाट हलवावी.