नाव एकाचं, हक्क कोणाचा?

मागच्या व्याख्यानात आपण वाटणीचे दावे पाहिले. त्यानंतर आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला: "पैसे मी दिले, कागद दुसऱ्याच्या नावावर आहे. कोर्ट मला मालक मानेल का?" आज तेवढाच विषय घेऊ.

सुरुवातीला दोन गोष्टी वेगळ्या करून घेऊ. खरेदीखतावर ज्याचं नाव असतं तो कागदावरचा मालक. मिळकतीचा लाभ घेण्याचा हक्क ज्याला असतो तो लाभाचा मालक. बहुतेक वेळा दोघे एकच असतात, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही. पण मंदिराच्या जमिनीचं पाहा. कागदोपत्री कारभार विश्वस्तांच्या हातात असतो, लाभ मात्र त्यांच्या खिशात जात नाही. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याने खासगी विश्वस्ताची व्याख्या याच कल्पनेवर केली: मालकी आहे, पण तिला दुसऱ्याच्या हिताची जबाबदारी चिकटलेली आहे. (सार्वजनिक न्यासांना आपल्याकडे १९५० चा वेगळा कायदा लागतो, तो आज बाजूला ठेवू.)

आता आपला मुख्य प्रश्न. विश्वस्त नेमल्याचा कागद कुठेच नाही, तरी एकाने पैसे दिले आणि दुसऱ्याच्या नावावर खरेदी झाली, तर?

इंग्लंडमधला जुना नियम असा की बापाने मुलाच्या नावावर काही घेतलं तर ते मुलाला दिलं असंच गृहीत धरायचं. हा नियम हिंदुस्थानात लागू करायचा का, असा प्रश्न १८५४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे गोसाईं घराण्याच्या दाव्यात आला. कौन्सिलने नकार दिला. इथे बायकोमुलांच्या किंवा नातेवाइकाच्या नावावर खरेदी करण्याची रीत सर्रास आहे, तेव्हा नुसत्या नात्यावरून बक्षीस दिलं असं मानता येणार नाही, असं त्यांनी म्हटलं. पुढे न्यास कायद्याच्या कलम ८२ ने हेच लिहून ठेवलं: पैसे देणाऱ्याचा हेतू बक्षीस देण्याचा नसेल, तर नाववाला ती मिळकत पैसे देणाऱ्याच्या हितासाठी धरतो. शंभर वर्षांहून अधिक काळ आपली न्यायालयं याच वाटेने चालली.

पण हेतू ओळखायचा कसा? माणसाच्या मनात काय होतं ते कोण पाहणार? यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली जयदयाल पोद्दार विरुद्ध बीबी हाजरा या निकालात सहा गोष्टी सांगितल्या. आजही कुठल्याही दिवाणी न्यायालयात त्या ऐकू येतात.

पहिली, खरेदीचा पैसा कुठून आला. दुसरी, खरेदीनंतर ताबा कोणाकडे राहिला. तिसरी, दुसऱ्याचं नाव घालण्याचं कारण काय होतं. चौथी, दोघांचं नातं आणि परिस्थिती काय होती. पाचवी, मूळ कागदपत्रं कोणाच्या कपाटात आहेत. सहावी, खरेदीनंतर दोघे त्या मिळकतीशी कसे वागले: घरपट्टी कोणी भरली, भाडं कोणी घेतलं, दुरुस्ती कोणी केली.

या सहांत पैशाचा उगम सगळ्यात महत्त्वाचा. मात्र पैसा दिला एवढ्यावरच निकाल लागत नाही, आणि इथे लोकांची हमखास गफलत होते. बाप मुलीला घर घेऊन देतो तेव्हा पैसे बापाचेच असतात, म्हणून घर बापाचं होत नाही. नवऱ्याने किंवा सासऱ्याने रकमेचा काही भाग दिला एवढ्यावरून व्यवहार बेनामी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येही पुन्हा सांगितलं. सहाही गोष्टी एकत्र ठेवून चित्र कुठल्या बाजूला झुकतं ते पाहायचं असतं.

दुसरी गोष्ट पुराव्याच्या भाराची. कागदावर ज्याचं नाव आहे तो मालक, इथून न्यायालय सुरुवात करतं. तसं नाही असं जो म्हणतो, त्याने सिद्ध करायचं. संशय पुरेसा नाही, "गावात सगळ्यांना माहीत आहे" हेही पुरेसं नाही. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लागलं म्हणून मालकी सिद्ध होते असंही नाही. फेरफाराची नोंद मुळात महसुलासाठी असते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, थोरला भाऊ मस्कतला नोकरीला आहे, धाकटा साताऱ्यात. २०१८ साली थोरल्याने बँकेतून पैसे पाठवले आणि एक बिगरशेती प्लॉट घेतला. खरेदीखत धाकट्याच्या एकट्याच्या नावावर, कारण "तूच तिथे आहेस, सह्या तू कर." पुढे घर बांधलं, आई-वडील तिथे राहू लागले. आता थोरला परत आला आहे आणि धाकटा म्हणतो, "दादा, घर माझं आहे."

१९८८ पूर्वीचा काळ असता तर न्यायालयाने ती सहा सूत्रं लावली असती आणि बँकेच्या नोंदींवर थोरला बहुधा जिंकला असता. पण १९ मे १९८८ रोजी वटहुकूम आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेनामी व्यवहार प्रतिबंध कायदा झाला. या कायद्याने न्यास कायद्याचं कलम ८२ काढून टाकलं आणि कलम ४ आणलं. कलम ४ चं म्हणणं असं की नाववाल्याविरुद्ध "खरा मालक मी" असा दावा करता येणार नाही, आणि कोणी आपल्यावर दावा लावला तर तसा बचावही घेता येणार नाही. आधीच चालू असलेल्या दाव्यांना ही बंदी लागते का, यावर बरीच वर्षं घोळ होता. १९८९ च्या निकालाने लागते म्हटलं. १९९५ मध्ये मोठ्या पीठाने ते फिरवलं: प्रलंबित दाव्यांना नाही, पण कायदा आल्यानंतर दाखल केलेल्या दाव्यांना लागते, व्यवहार जुना असला तरी.

मग १ नोव्हेंबर २०१६ पासून दुरुस्ती लागू झाली आणि कायद्याला दात आले. बेनामी मिळकत सरकारजमा होऊ शकते. शिक्षा एक ते सात वर्षांची सक्तमजुरी, शिवाय बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड. नाववाल्याने उदार होऊन ती मिळकत खऱ्या मालकाच्या नावावर परत करून द्यावी म्हटलं तर त्यालाही मनाई आहे. या दुरुस्तीतल्या जप्तीचा अंमल मागच्या व्यवहारांवर चालतो का, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये गणपती डीलकॉम प्रकरणात सरकारविरुद्ध निकाल दिला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो निकाल पुनर्विलोकनात मागे घेतला. त्यामुळे २०२२ च्या निकालावर विसंबून कोणी निर्धास्त असेल तर त्याने पुन्हा वकिलाकडे जावं.

म्हणजे आपल्या मस्कतच्या दादाची अडचण ध्यानात आली का? "नाव त्याचं, पैसे माझे, घर माझं" हे वाक्य १९८० साली त्याचा सगळ्यात मजबूत मुद्दा होतं. आज तेच वाक्य दाव्यात लिहिलं तर दावा तर अडतोच, वर घर दोघांच्याही हातून जाण्याची वाट उघडते.

मग काहीच उरत नाही का? उरतं. काही व्यवहार कायद्याने बेनामीच्या व्याख्येतूनच वगळले आहेत, आणि हल्ली न्यायालयातली खरी लढाई इथेच चालते. चार अपवाद नीट पाहू.

एक, नवरा-बायको आणि मुलं. ज्ञात उत्पन्नातून जोडीदाराच्या किंवा अपत्याच्या नावावर घेतलं तर ते बेनामी नाही. पण बेनामी नाही म्हणजे पैसे देणाराच मालक, असं नव्हे. ते बक्षीस होतं की नव्हतं, हा हेतूचा प्रश्न राहतोच. १९८८ च्या मूळ कायद्यात बायकोच्या किंवा अविवाहित मुलीच्या नावावर घेतलेलं तिच्याच हितासाठी आहे असं गृहीत धरलं होतं, आणि ते खोटं पाडण्याची संधी नवऱ्याला आहे असं १९९५ च्या एका निकालात सांगितलं गेलं.

दोन, भाऊ, बहीण, आई-वडील, आजी-आजोबा, नातवंडं. इथे एक अट जास्त आहे: ज्ञात उत्पन्न तर हवंच, पण कुठल्या तरी दस्तात पैसे देणाऱ्याचं नावही सहमालक म्हणून हवं. आपला दादा नेमका इथे अडकतो. खरेदीखतात त्याचं नाव धाकट्याच्या शेजारी असतं, तर आज ही वेळ आली नसती.

तीन, हिंदू एकत्र कुटुंब. कर्त्याच्या किंवा सदस्याच्या नावावर घेतलं, पण कुटुंबाच्या हितासाठी आणि कुटुंबाच्या ज्ञात उत्पन्नातून. इथे १९५४ चा कांगो विरुद्ध कांगो हा निकाल पायाभूत आहे. कुटुंब एकत्र आहे म्हणून प्रत्येक मिळकत एकत्र, असं गृहीत धरता येत नाही. ज्यातून नवी खरेदी होऊ शकेल इतपत वडिलोपार्जित उत्पन्न होतं, हे आधी दाखवावं लागतं. ते दाखवलं की भार उलटतो, आणि "हे माझ्या कमाईचं" हे नाववाल्याने सिद्ध करायचं. मस्कतचा पगार हे मात्र कुटुंबाचं उत्पन्न नव्हे.

चार, विश्वासाचं नातं. विश्वस्त, मृत्युपत्राचा व्यवस्थापक, भागीदार, कंपनीचा संचालक अशी उदाहरणं कायद्यातच दिली आहेत. जुन्या कायद्याखाली २०१२ मध्ये बंगळुरूचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. महापालिकेचं घर, भाडेकरू आई. आई वारल्यावर घर विकत मिळालं ते एका मुलाच्या नावावर, पैसे मात्र घरातल्या इतरांनीही घातलेले. न्यायालय म्हणालं, हा मुलगा बाकीच्यांच्या वतीने, त्यांच्या विश्वासावर ते नाव धारण करतो. पण यावरून "भावावर विश्वास होता" एवढं म्हटलं की काम झालं, असं समजू नका. दुसऱ्याच्या हितासाठी वागण्याची जबाबदारी त्याने घेतली होती, हे वागण्यातून आणि कागदातून दाखवावं लागतं. एक दिलासा आहे. व्यवहार अपवादात बसतो की नाही हा पुराव्याचा वादग्रस्त प्रश्न असेल, तर दावा दारातूनच फेटाळू नये, साक्षीपुरावा घ्यावा, असं न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

जाता जाता नॉमिनीबद्दल, कारण फ्लॅटवाल्यांच्या चिठ्ठ्या पुष्कळ आहेत. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. १९८४ पासून न्यायालयं सांगत आली आहेत की नॉमिनी रक्कम घेतो ती वारसांसाठी. शेअर्सच्या बाबतीत वेगळं आहे का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथेही तेच म्हटलं. गृहनिर्माण संस्थेत २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करतात, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. अपवाद आयुर्विम्याचा: २०१५ नंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर सर्वसाधारणपणे लाभही त्यांचाच.

तर आपण कुठे आलो? पूर्वी न्यायालय विचारायचं, मनात काय होतं. आज त्याआधी विचारतं, हा प्रश्न विचारायची तरी तुला परवानगी आहे का. ज्या घरात आत्ता गोडी आहे, तिथेच ही कामं करून घ्यायची असतात: खरेदीखतात दोघांची नावं, पैसे बँकेतून, उसने असतील तर तसा कागद आणि मुदतीचं भान, बक्षीस असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र, आणि कोणाच्या हितासाठी धरायचं असेल तर नोंदवलेला न्यासाचा दस्त. "भावाभावात कागद कसला?" असं आपल्याकडे म्हणतात. उद्या दोघे कोर्टाच्या बाकावर बसले, तर न्यायाधीशासमोर त्या विश्वासाची साक्ष द्यायला कागदाशिवाय दुसरं फारसं कोणी नसतं.

पुढच्या वेळी आपण मृत्युपत्र घेऊ: ते सिद्ध कसं करतात आणि कुठे फसतं. चिठ्ठ्या जरूर पाठवा, आणि त्यात खरेदीची तारीख लिहायला विसरू नका. आज पाहिलंत ना, उत्तर किती वेळा तारखेवर फिरतं.