न दिसणारा वैद्य

आमच्या माजिवड्यास, जेथें घोडबंदरचा रस्ता मुंबई-नाशिक महामार्गास मिळतो, तेथून चार पावलें चाललें तरी रक्त-लघवी तपासणाऱ्यांच्या पाट्या नजरेस पडतात. सकाळीं माणसें उपाशीपोटीं तेथें जातात, दंडास पट्टा बांधून नळीभर रक्त देतात आणि सायंकाळीं त्यांस आंकड्यांचा एक तक्ता मिळतो. त्या तक्त्याच्या तळाशीं एक सही असते. ती कोणाची, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. आज त्या सहीच्या धन्याविषयीं बोलण्याचें मीं योजिलें आहे.

त्यास पॅथॉलॉजिस्ट म्हणतात. आपल्या भाषेंत विकृतिशास्त्रज्ञ. शरीराची स्वाभाविक ठेवण ती प्रकृति, व तींत झालेला बिघाड ती विकृति. रोग्याचें तोंडही न पाहतां रोगाचा निर्णय करणारा हा वैद्य आहे, आणि रक्त तपासणें हें त्याच्या कामाचें केवळ पहिलें दालन होय.

समजा, एखाद्या बाईच्या स्तनांत गांठ लागली व शस्त्रवैद्यानें तिचा तुकडा काढिला. तो तुकडा फॉर्मॅलिनमध्यें मुरवितात, अल्कोहोलच्या योगानें त्यांतील पाणी काढून घेतात, मेणाच्या ठोकळ्यांत बसवितात आणि यंत्रावर त्याचे काप घेतात. एका मिलिमीटरचे हजार भाग कल्पिले, तर त्यांतील तीन-चार भागांएवढीच कापाची जाडी! असा काप जवळजवळ रंगहीन असतो. म्हणून त्यास दोन रंग देतात. पेशींचें केंद्र निळें व भोंवतालचा भाग गुलाबी दिसूं लागतो. मग डोळ्याचें काम सुरू होतें. केंद्रें एकसारखीं आहेत कीं लहानमोठीं, वेडींवांकडीं? पेशींनीं आपली मर्यादा राखली आहे कीं शेजारच्या घरांत शिरकाव केला आहे? गांठ साधी कीं कर्करोगाची, हा निवाडा येथें होतो. कित्येकदां रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावर बेशुद्ध असतांनाच तुकडा गोठवून, कापून, वीसएक मिनिटांत उत्तर द्यावें लागतें. शस्त्रवैद्य सुरी हातीं धरून त्या उत्तराची वाट पाहात असतो.

या शास्त्रास आपल्या देशांत प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (1895–1978) यांचें नांव अग्रभागीं येतें. परळ येथें 1941 सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे ते प्रमुख होते. कर्करोग ओळखून त्यांचें समाधान झालें नाहीं. तो याच जागीं कां झाला, हें त्यांनीं विचारिलें. 1945 सालीं सूर्याबाई यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं लोकांच्या चालीरीतींशीं निगडित असे तीन कर्करोग वर्णिले आहेत. चुट्टा नांवाची विडी पेटतें टोंक तोंडांत धरून ओढणारांस तो टाळूस होई. चुना-तंबाखूची चिमूट खालच्या ओठाच्या आंत ठेवणारांस तेथेंच होई. आणि धोतर घट्ट आवळून वर्षानुवर्षें कमरेची कातडी जेथें घासे, तेथें तिसरा. धोतराचे दिवस आतां बहुतेक सरले. तंबाखूचे मात्र सरले नाहींत.

त्याच परळांत, के. ई. एम. रुग्णालयाशीं संलग्न असलेल्या महाविद्यालयांत, डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी रक्ताच्या शोधांत गुंतले होते. कांहीं माणसांच्या रक्तरसांत कोणाचेंही रक्त मिसळलें तरी त्यांतील कण चिकटून गोळे होत. सर्वांना चालणारें म्हणून ज्याची ख्याति, तें ओ गटाचें रक्तही जुळेना. ए व बी हे गुण ज्या पायावर उभारतात, तो एच नांवाचा पायाच या माणसांत नसतो, आणि ओ रक्तांत तर तो विपुल असतो. 1952 सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत हा शोध प्रसिद्ध झाला व तो गट जगभर 'बॉम्बे' या नांवानें ओळखला जाऊं लागला. (शहराचें नांव 1995 सालीं पालटलें, गटाचें नाहीं!) असा माणूस साध्या तपासणींत ओ गटाचा भासतो. त्यास ओ रक्त चढविलें तर प्राणावर बेततें. म्हणून रक्तपेढींतील तज्ज्ञ दोन्ही रक्तें एकमेकांशीं जुळवून पाहिल्यावांचून पिशवी हातावेगळी करीत नाहीं.

याच विद्येच्या शाखा माणसापलीकडेही गेल्या आहेत. कोंकणांतील पोफळीवर पावसाळ्यांत पडणारा कोळेरोग ओळखून मोरचूद व चुन्याचें मिश्रण फवारावयास सांगणारा वनस्पतिरोगतज्ज्ञ, हा त्याच कुळांतला. गुरांची बुळकांडी 2011 सालीं जगांतून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें, त्यांतही पशुरोगतज्ज्ञांचा मोठा वांटा आहे. आणि खाडींत प्रेत सांपडलें तर तो मनुष्य बुडून मेला कीं मेल्यावर पाण्यांत टाकला गेला, हें ठरवितांना हाडांतील मगजांत डायटम नांवाचें सूक्ष्म शैवाल आहे कीं काय, हेंही पाहतात. जिवंतपणीं पाणी छातींत गेलें तरच तें रक्तावाटे तेथवर पोंचण्याचा संभव.

आतां पुन्हां त्या सहीकडे वळूं. पावसाळ्यांत डेंग्यूची सांथ आली म्हणजे घरोघर प्लेटलेटच्या आंकड्याची धास्ती असते. कित्येकदां नळींतील औषधामुळेंच प्लेटलेट एकमेकींस चिकटतात. यंत्र त्या पुंजक्यास मोजीत नाहीं व आंकडा भलताच खालीं दाखवितें. कांचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखालीं स्वतः पाहणारा तज्ज्ञ असेल तर ही भूल तत्काळ कळते. नसेल तर घरचीं माणसें मध्यरात्रीं रुग्णालयें धुंडाळीत फिरतात. अहवालावर विकृतिशास्त्रांतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत वैद्याचीच सही असावी, हें सर्वोच्च न्यायालयानें 2017 सालीं उचलून धरिलें, तें याचसाठीं. सहीखालीं नांव, पदवी व नोंदणीचा क्रमांक आहे कीं नाहीं, हें पाहावयास अर्धें मिनिट पुरतें.

गांठीच्या बाबतींत आणखी एक सोय पुष्कळांस ठाऊक नसते. मेणाचा तो ठोकळा तपासणीनंतर टाकून देत नाहींत, जपून ठेवितात. दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घ्यावयाचें झाल्यास तो व कांचपट्ट्या मागून नेतां येतात. परगांवाहून परळास येणाऱ्या कित्येक रोग्यांच्या पिशवींत कागदपत्रांबरोबर तेवढा एक लहानसा ठोकळा असतो.