आमच्या डॉक्टरांना गुण किती?

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना आम्ही केव्हाच नापास करून टाकले होते. सहाला नंबर लावावा तेव्हा साडेसातला आत बोलावणे. बाके डुगडुगती, पंखा कुरकुरता. आणि एवढे ताटकळून पदरात काय, तर "साधी सर्दी आहे. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर या." सुई नाही की कॅप्सूल नाही! आईने निकालच देऊन टाकला : "अरे, त्याच्या हाताला गुण नाही." चौकातल्या नव्या दवाखान्यात मात्र गार हवा, आणि पाच मिनिटांत टोचून मोकळे.

वळणदार अक्षराला भुलून गुण देऊ नयेत, हे जन्मभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मला तरी कळायला हवे होते!

आईचा मधुमेह बारा वर्षांचा. नव्या दवाखान्यात दर खेपेला साखर पाहत, गोळ्या लिहून देत. श्रावणात एकदा तो बंद होता, म्हणून नाइलाजाने जुन्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "काकू, चपला काढा." तळवा दिव्याखाली धरला. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी जखम! आईला तिचा पत्ताच नव्हता. मग त्यांनी नायलॉनचा एक तंतू काढला. "डोळे मिटा, कळेल तेव्हा 'हो' म्हणा." दहा ठिकाणी तंतू टेकवला; आई चारदाच 'हो' म्हणाली.

बरीच वर्षे मुरलेल्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होऊ शकतात. जखम दुखत नाही, म्हणून कोणी पाहत नाही. चिघळली तर बोट, प्रसंगी पाऊलही जाते. वर्षातून एकदा तरी पाय तपासायचे ते यासाठी.

अमेरिकेतले ॲवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली एका निबंधात वैद्यकीय सेवेच्या परीक्षेचे जणू तीन पेपर सांगितले : दवाखान्यात काय आहे, तिथे रोग्यासाठी काय केले जाते, आणि शेवटी रोग्याचे काय होते. आम्ही पहिल्याच पेपरावर, त्यातही बाकांवर, निकाल लावला! त्या पेपरात पाहण्याजोगे होते ते निराळेच. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा, चिठ्ठीवरही घालावा, असा २००२ च्या नियमांचा दंडक आहे. जुन्या डॉक्टरांच्या भिंतीवर तो होता. मी कधी वाचलाच नव्हता. तिसरा पेपरही फसवा. विषाणूंची सर्दी सुई घेतली तरी आपल्या वेळेने जाते, न घेतली तरी जाते. श्रेय तेवढे सुई उपटते. राहिला मधला पेपर. आईचा पाय वाचला तो त्यात.

जखम भरायला सात आठवडे लागले. डॉक्टर दर खेपेला हात धुऊन स्वतः पट्टी बदलीत. बाहेरचे लोक ताटकळत, आणि माझ्याकडे रागाने पाहत.

आई आता रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून तळवे न्याहाळते. परवा आरसा पुसता पुसता म्हणाली, "सगळं खरं रे, पण एखादं इंजेक्शन दिलं असतं, तर लवकर भरली असती."