बालकांच्या त्वचेवरील निरुपद्रवी गाठी व त्यांची पारख

खेड्यातील पालकास मुलाच्या अंगावर एखादी नवी गाठ दिसली, म्हणजे दवाखान्याची वाट धरण्यापूर्वी तो पुष्कळदा शाळेतील गुरुजींना किंवा बाईंना विचारतो. शिक्षक हा वैद्य नव्हे. तथापि त्याच्या एका शब्दावर पुढील गोष्टी ठरतात. ‘चामखीळ दिसते, घोड्याच्या केसाने बांधा’ असा सल्ला मिळाला, की केस बांधला जातो. ‘बिब्बा लावा’ असे कोणी सुचविले, तर त्वचा भाजून जन्माचा व्रण राहतो. उलट, कोणाच्या तोंडून ‘कुष्ठरोग’ किंवा ‘कॅन्सर’ हा शब्द निसटला, तर ते मूल दुसऱ्या दिवसापासून वर्गात वेगळे बसू लागते. निदान करणे हे शिक्षकाचे काम नसले, तरी ते कसे केले जाते हे त्यास ठाऊक असणे म्हणूनच इष्ट आहे.

दुर्मिळ गाठींचा विचार करण्यापूर्वी नेहमीच्या गोष्टी बाजूस साराव्या लागतात. मोत्यासारखे चकचकीत, मध्ये बारीक खळगा असलेले दाणे बहुधा ‘मोलस्कम’ या विषाणूजन्य विकाराचे असतात. चामखीळही विषाणूपासूनच होते व तिचा पृष्ठभाग खरखरीत असतो. हे दोन्ही स्पर्शाने पसरतात खरे. पण त्यासाठी मुलास शाळेतून घरी पाठविण्याचे कारण नाही. कुष्ठरोग लहान मुलांत बहुधा गाठीच्या नव्हे, तर फिकट किंवा तांबूस चट्ट्याच्या रूपाने दिसतो आणि त्या जागेची संवेदना पुष्कळदा मंद झालेली असते.

यांपैकी कशाशीच न जुळणारी एक गाठ कधी कधी तान्ह्या व लहान मुलांत आढळते. वैद्यकात तिला ‘ज्युव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा’ असे लांबलचक नाव आहे. मराठीत तिला रूढ नाव नाही. येथे तिचा उल्लेख ‘पिवळी गाठ’ असा केला आहे. ती बहुधा एकच असते आणि डोके, मान किंवा धडाच्या वरच्या भागावर येते. आकार ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा, क्वचित त्याहून मोठा. पृष्ठभाग गुळगुळीत, स्पर्श टणकसर. ती दुखत नाही व सहसा खाजतही नाही. आरंभी रंग तांबूस असतो, पुढे तो पिवळसर नारिंगी व शेवटी तपकिरी होतो. सावळ्या त्वचेवर हा पिवळेपणा चटकन ध्यानात येत नाही. यासाठी डॉक्टर काचेची पट्टी गाठीवर हलकेच दाबून पाहतात. दाबाने रक्ताची लाली ओसरते आणि खालचा पिवळा रंग उघड होतो. साधीच युक्ती, पण मोठी उपयोगी.

बहुतेक मुलांत ही गाठ पहिल्या एक-दोन वर्षांतच उमटते. त्यामुळे पहिलीच्या वर्गातील मुलापेक्षा त्याच्याबरोबर शाळेत येणाऱ्या धाकट्या भावंडाच्या अंगावर ती दिसण्याचा संभव अधिक. काही महिन्यांत वा काही वर्षांत ती आपोआप विरते. मागे फार तर फिकट डाग किंवा किंचित खोलगट खूण राहते.

१९०५ साली अ‍ॅडमसन या इंग्रज डॉक्टराने अशा गाठींचे वर्णन केले. आजचे नाव मात्र १९५४ मध्ये हेल्विग व हॅकनी यांनी रूढ केले. हा पिवळेपणा येतो कोठून? शरीरात मोडतोड झालेल्या पेशी व इतर टाकाऊ द्रव्य गिळणाऱ्या भक्षक पेशी असतात. त्या वर्गातील पेशी त्वचेत एकत्र जमतात व त्यांच्यात स्निग्ध द्रव्य साठते. गाठीचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता, अनेक केंद्रके फुलाच्या माळेसारखी वर्तुळात मांडलेली आहेत अशा मोठ्या पेशी पुष्कळदा आढळतात; त्यांना टाउटन पेशी म्हणतात. या मुलांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल मात्र वाढलेले नसते.

हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. पिवळ्या गाठी आणखी एका विकारात येतात आणि तो निरुपद्रवी नाही. काही कुटुंबांत रक्तातील कोलेस्टेरॉल जन्मापासूनच फार वाढलेले असते. आई व वडील या दोघांकडूनही हा दोष मुलाकडे आला, तर कोपर, गुडघे, कुल्ले व बोटांच्या बेचक्यांत पिवळसर गाठी उठतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या बालपणीच अरुंद होऊ लागतात. अशा गाठी विरून जातील म्हणून वाट पाहणे म्हणजे उपचाराचा काळ दवडणे होय. घरात कोणी ऐन तारुण्यात हृदयविकाराने दगावले आहे काय, हा प्रश्न येथे गाठीइतकाच बोलका ठरतो. आणि गावातील घरे शिक्षकास जितकी माहीत असतात, तितकी ती तालुक्याच्या डॉक्टरास माहीत नसतात.

पिवळी गाठ निरुपद्रवी असली, तरी दोन ठिकाणी जागरूकता हवी. पहिले ठिकाण डोळा. दोन वर्षांखालील ज्या मुलांना अशा अनेक गाठी आहेत, त्यांच्या डोळ्यातील रंगीत पडद्यावरही क्वचित तशी गाठ येते व आत रक्तस्राव होऊन दृष्टीस धोका पोहोचतो. असे मूल उजेडाकडे पाहीनासे झाले, डोळा लाल झाला किंवा बुबुळामागे रक्त साचलेले दिसले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. दुसरी गोष्ट दुधाच्या चहाच्या रंगाच्या सपाट डागांची. अर्ध्या सेंटिमीटरहून मोठे असे सहा किंवा अधिक डाग लहान मुलाच्या अंगावर असतील, तर मज्जातंतूंशी संबंधित एका आनुवंशिक विकाराची शंका घेतली जाते. त्या विकारातील पुष्कळ मुलांना वाचन, गणित किंवा अवधान यांत अडचण येते. ‘ढ’ ठरविलेल्या एखाद्या मुलाचे खरे कारण त्याच्या सदऱ्याखाली असू शकते.

इतर दुर्मिळ गाठींपैकी एक तपकिरी असते व चोळली गेली की गांधीसारखी फुगते. डॉक्टर ही चाचणी मुद्दाम करतात. शिक्षकांनी ती करून पाहू नये, कारण चोळण्याने काही मुलांना त्रास होतो. दुसरी त्वचेखाली खड्यासारखी कठीण लागते. ती केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींपासून बनते, आपोआप जात नाही व लहानशा शस्त्रक्रियेने काढावी लागते. नाकाच्या मध्यरेषेवर जन्मापासून असलेली गाठ मात्र कोणीही टोचू अथवा दाबू नये. तिचा धागा कधी कधी कवटीच्या आतपर्यंत गेलेला असतो.

निदान किती कठीण असू शकते, याचे उदाहरण १९४८ सालचे आहे. मुलांच्या चेहऱ्यावर वा पायावर भराभर वाढणारी, गुलाबी किंवा काळसर अशी एक गाठ सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या घातक कर्करोगासारखी दिसे. न्यूयॉर्कमधील रोगनिदानतज्ज्ञ सोफी स्पिट्झ यांनी त्या वर्षी अशा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध करून, दिसण्यात साम्य असूनही बहुतेक मुले बरी राहतात हे दाखवून दिले. ही गाठ निराळी व सौम्य आहे हे पुढे मान्य झाले व तिला त्यांचेच नाव मिळाले. म्हणूनच तपासणीस पाठविलेल्या तुकड्याबरोबर मुलाचे वय व गाठ केव्हापासून आहे हे लिहिणे आवश्यक असते.

ही माहिती पालकास नेमकी आठवतेच असे नाही. गाठ प्रथम कधी दिसली (पोळ्याच्या सुमारास की सुगीत, असे विचारल्यास उत्तर लवकर मिळते), तेव्हा केवढी होती, आज पट्टीने मोजता किती मिलिमीटर आहे, रंग बदलला काय, रक्त येते काय, घरी कोणता लेप वा डाग दिला, एवढे शिक्षकाने एका कागदावर लिहून पालकाजवळ द्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, त्या दिवशी हे मूल गैरहजर राहणार नाही असे पाहावे. गाठ पंधरवड्यात दुप्पट झाली, वरचेवर रक्त येऊ लागले किंवा मूल खंगत चालले असेल, तर पथकाची वाट न पाहता त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.