घटपर्णीतले चोर

मुंगी घटपर्णीच्या काठावर आली की तिचं काय होतं, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. काठावर मध असतो, मुंगी चाटायला वाकते, पाय निसटतो आणि ती खालच्या पाचक रसात पडते. बोर्निओच्या वायव्येकडच्या दलदलीतली एक लालसर मुंगी मात्र या काठावरून सरळ आत उतरते, रसात उडी टाकते, पोहते, बुडी मारते आणि तळाशी पडलेला किडा ओढत वर येते. झाड जे मारतं, ते ही पळवते. मग झाड तिला ठेवून का घेतं, या प्रश्नाची उकल व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

झाडाचं नाव नेपेन्थिस बायकॅल्कॅराटा. घटाच्या झाकणाखाली खाली वळलेले दोन टोकदार सुळे, म्हणून हे नाव. 1877-78 मध्ये फ्रेडरिक बर्बिज हा इंग्रज माणूस एका रोपवाटिकेसाठी झाडं गोळा करत बोर्निओत फिरत होता. घट ज्या देठावर लोंबतो तो देठ फुगीर आहे, पोकळ आहे, त्याला भोक आहे आणि आत मुंग्या नांदताहेत, हे त्याने टिपून ठेवलं. सुळ्यांबद्दल त्याचा तर्क होता की घटातले किडे चोरायला येणाऱ्या टार्सिअर या लहानशा प्राण्याला ते टोचत असावेत. तर्क मजेदार आहे, पण सुळ्यांतून मध पाझरतो आणि त्याच्या नादाने किडे नेमके रसाच्या वर येऊन लटकतात, हे पाहिलं की सुळे राखणीपेक्षा शिकारीच्या कामाचे वाटतात. मुंगीला शास्त्रीय नाव मिळालं 1933 मध्ये: कॅम्पोनोटस श्मिट्झी. गुळाच्या ढेपेला लागणाऱ्या आपल्या मुंगळ्याच्याच गोतातली, म्हणजे सुतार मुंग्यांपैकी. अलीकडे तिला कोलोबोप्सिस या वेगळ्या प्रजातीत हलवलंय. ही सुतारीण मोठं लाकूड कोरत नाही, एवढ्याशा देठावर भागवते.

पुढची साठ वर्षं फारसं काही घडलं नाही. मग चार्ल्स क्लार्क या अभ्यासकाने घटांपाशी बसून मुंग्या काय करतात ते पाहिलं. आर. एल. किचिंग यांच्याबरोबरचा त्याचा निबंध 1995 मध्ये आला. रातकिड्यासारखं मोठं सावज पडलं की मुंग्या रसात उतरतात, सगळ्या मिळून ते धरतात आणि घटाच्या भिंतीवरून काठाच्या आतल्या वळणाखाली नेतात. अंतर जेमतेम पाच सेंटिमीटर. त्याला कधी कधी बारा-बारा तास लागतात. लहानसहान किड्यांना मात्र त्या हात लावत नाहीत. क्लार्कने यातून अंदाज बांधला की मोठं सावज आत सडलं तर रस नासेल, घटच मरेल. मुंग्या ते काढून झाडाचं पोट बिघडू देत नाहीत. अंदाज पटण्यासारखा होता, पण त्याने सगळ्यांचं समाधान झालं नाही. एवढ्यासाठी झाड आपलं जेवण देऊन टाकेल?

दरम्यान दुसऱ्याच दिशेने एक धागा हाती आला. 2004 मध्ये होल्गर बोन आणि वॉल्टर फेडेर्ल यांनी याच घटपर्णीवर दाखवलं की तिचा काठ कोरडा असताना इतर मुंग्या त्यावरून बिनधास्त चालतात. तो ओला झाला की मात्र पाय आणि काठ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो आणि त्या घसरतात, पहिल्या पावसात डांबरी रस्त्यावर स्कूटर घसरते तशा. म्हणजे सापळ्याचं सगळं बळ पाणी काठावर नीट पसरण्यात आहे. आणि दलदलीच्या दमट हवेत कुठल्याही पृष्ठभागावर काय चढतं? बुरशी. 2012 मध्ये फेडेर्लच्या गटाने दाखवलं की मुंग्या काठ सतत साफ करत असतात. मुंग्या नसलेल्या घटांच्या काठावर मळ आणि बुरशीचे तंतू साचतात आणि त्यांची पकड कमी होत जाते. काठाच्या वळणाखाली दबा धरून बसलेल्या याच मुंग्या बाहेर निसटू पाहणाऱ्या किड्यावर तुटून पडतात, तेही लक्षात आलं. 2007 मध्येच आणखी एका संशोधनात दिसलं होतं की कोवळे घट कुरतडणाऱ्या सोंड्या भुंग्याला त्या हाकलतात.

मला यातली सगळ्यात सुंदर उकल 2013 ची वाटते, कारण तिथे खरे चोर सापडले. घटाच्या रसात डासांच्या आणि माश्यांच्या अळ्या सुखाने वाढतात. या जातीचा रस इतर घटपर्णींच्या मानाने सौम्य, कमी आम्लाचा, त्यामुळे त्यांचं फावतं. मेलेल्या किड्यांतला नायट्रोजन त्या खातात, कोषात जातात आणि पंख फुटले की तो नायट्रोजन घेऊन उडून जातात. दलदलीतल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जमिनीत नायट्रोजनची मुळातच वानवा असते. झाडाने शिकारीचा उद्योग मांडला तो त्यासाठीच. माथियास शार्मान, फेडेर्ल आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की मुंग्या नेमक्या याच अळ्या आणि कोष मटकावतात. नायट्रोजन-15 हा जड समस्थानिक खूण म्हणून वापरल्यावर मुंग्यांकडचा नायट्रोजन झाडाच्या पानांपर्यंत पोहोचलेला आढळला. मुंग्यांची विष्ठा, खरकटं, मेलेल्या मुंग्या, सगळं शेवटी घटातच पडतं. देठातच बिऱ्हाड असल्यावर दुसरीकडे जाणार कुठे? उडून जाणाऱ्या डासाचं तसं नाही.

मुंग्या असलेल्या झाडांना पानांचा पसारा जास्त असतो, हेही मोजून झालं आहे. मुंग्यांवाचून झाड अडत नाही, नुसतं खुरटं राहतं. मुंग्यांचं मात्र या एका जातीबाहेर कुठेच घर आढळलेलं नाही. क्लार्कचा सडण्याचा तर्क यात खोटा पडला असं मी म्हणणार नाही. रातकिडा वर ओढून नेणं आणि अळ्या टिपणं ही एकाच भुकेची दोन कामं आहेत, आणि बारा तासांच्या त्या ओढाओढीनंतर मुंग्या जे खातात, त्यातलं न पचलेलं सगळं काठावरून पुन्हा खालीच पडतं.