एक नांगऱ्या, तीन पाठ

इंग्रजी कविता म्हटली की आपल्याला शेक्सपिअर, वर्डस्वर्थ, कीट्स ही नावे आठवतात. पण त्यांच्या फार पूर्वी, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विल्यम लँगलंड या कवीने ‘पियर्स प्लाउमन’ हे दीर्घकाव्य रचले. प्लाउमन म्हणजे नांगर धरणारा, नांगऱ्या. लँगलंडच्या आयुष्याविषयी फारच थोडी माहिती मिळते. पण हे एकच काव्य तो वीसेक वर्षे पुन्हा पुन्हा लिहीत राहिला, असे दिसते.

हे धार्मिक रूपककाव्य आहे. त्यात गुण-अवगुण माणसांसारखे हिंडतात, बोलतात. मॅल्व्हर्नच्या टेकड्यांवर कवीला झोप लागते आणि स्वप्न पडते. उंचावर एक मनोरा, खाली दरीत अंधारकोठडी आणि मधल्या मैदानात माणसांची ही गर्दी! त्यात शेतकरी, व्यापारी, भिकारी, वकील, धर्मोपदेशक सगळे आहेत. पुढे ‘मीड’ नावाची एक नटलेली स्त्री येते. मीड म्हणजे मोबदला. त्यात बक्षीस आले, तशी लाचही आली. राजा तिचे लग्न सदसद्विवेकाशी लावू पाहतो, तर तो साफ नकार देतो. हा प्रसंग समजायला आजच्या वाचकालाही तळटीप लागू नये.

मग लोक सत्याच्या शोधात निघतात, पण वाट कोणालाच ठाऊक नसते. ती ठाऊक असते एका साध्या नांगऱ्याला, पियर्सला. आधी माझे अर्धा एकर रान नांगरू, मग निघू, असे तो म्हणतो. कामचुकारांना वठणीवर आणायला तो भुकेलाच बोलावतो. अखेर सत्याकडून क्षमापत्र येते. त्यात एवढेच असते की चांगले वागणाऱ्याला सद्गती आणि वाईट वागणाऱ्याला अधोगती. हे क्षमापत्र नव्हेच, असे पाद्री सांगतो आणि संतापलेला पियर्स ते फाडून टाकतो.

आता खरी गंमत पुढे आहे. या काव्याची पन्नासहून अधिक हस्तलिखिते उपलब्ध आहेत आणि ती सारी नकलाकारांच्या हातची आहेत. कोणी शब्द गाळले, कोणी आपल्या समजुतीने बदलले. १५५० मध्ये रॉबर्ट क्राउली यांनी ते प्रथम छापले. ते प्रोटेस्टंट होते. समासात टिपा घालून त्यांनी जुन्या कवीला आपल्या पंथाचा साक्षीदार बनवले. एकोणिसाव्या शतकात वॉल्टर स्कीट यांनी हस्तलिखितांची छाननी करून काव्याचे तीन पाठ वेगळे काढले आणि १८८६ मध्ये ते शेजारी शेजारी छापले.

त्यामुळे एक गोष्ट ठळक झाली. पहिल्या दोन पाठांत पियर्स क्षमापत्र फाडतो. तिसऱ्यात फाडत नाही. मधल्या काळात, १३८१ मध्ये, इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला होता. त्यातला एक पुढारी जॉन बॉल याच्या नावावरच्या पत्रात पियर्सचे नाव आले आहे. आपला नांगऱ्या बंडखोरांच्या तोंडी गेलेला पाहून कवी जपून लिहू लागला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

विसाव्या शतकात जॉर्ज केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०, १९७५ आणि १९९७ मध्ये तिन्ही पाठांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. या काव्याच्या ओळी अनुप्रासावर उभ्या आहेत. जिथे अनुप्रास मोडतो तिथे नकलाकार चुकला, असे मानून १९७५ च्या आवृत्तीत केन आणि डोनाल्डसन यांनी अनेक ठिकाणी शब्द बदलले. हे संपादन की नवे काव्यलेखन, असा वाद झाला. १९७८ मध्ये ए. व्ही. सी. श्मिट यांची विद्यार्थ्यांना परवडणारी आवृत्ती आली. पुढे एकेक हस्तलिखित जसेच्या तसे संगणकावर आणण्याचे काम अमेरिकेत सुरू झाले.

मी स्वतः कविता लिहितो. लिहिलेली ओळ मागे घेण्याचा हक्क कवीला असतो, असे मी मानतो. पण ती ओळ एकदा लोकांच्या ओठी गेली की ती एकट्या कवीची राहत नाही. म्हणून तिन्ही पाठ जपणाऱ्या संपादकांचे मोल मला मोठे वाटते. पियर्सने क्षमापत्र फाडले की नाही, हे आपण कोणता पाठ हाती घेतो त्यावर ठरते. जुने पुस्तक उघडताना कवीच्या नावाखाली संपादकाचेही नाव वाचावे, ते यासाठीच.