एका नंबरावर साडेसात लाख माणसं

2 जुलै 2012 रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, आणि त्या पहिल्या आठांत आपलं सोलापूर होतं! पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड दाखवा, कुटुंबामागे वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत. पुढे योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं, 2018 मध्ये दिल्लीहून आयुष्मान भारत आली, दोघींची सांगड बसली. 2023 मध्ये राज्य सरकारनं दीड लाखाचे पाच लाख केले आणि दार सगळ्याच कुटुंबांना उघडलं.

इथवरचे आकडे खिशात मावतात. आता सावरून बसा.

आयुष्मान योजनेखाली 2024 संपेपर्यंत देशभरात आठ कोटींहून जास्त वेळा रुग्ण दाखल झाले. आठ कोटी म्हणजे किती? मुंबई-सोलापूर वंदे भारत 2023 मध्ये सुरू झाली तेव्हा तिला 16 डबे होते आणि जागा 1,128. या सगळ्यांना तिच्यात बसवायचं तर गाड्या लागतील सुमारे 71 हजार. सोलापूर स्टेशनातून दर मिनिटाला एक गाडी सोडा. दिवसा सोडा, रात्री सोडा, चहाला थांबू नका. शेवटची गाडी हलेल 49 दिवसांनी!

आणि हे झाले फक्त एका योजनेचे रुग्ण. सरकार, विमा कंपन्या आणि तुमचा-आमचा खिसा, सगळं मिळून देशानं 2021-22 या एका वर्षात आरोग्यावर खर्च केले 9,04,461 कोटी रुपये. आकडा वाचताना जीभ अडखळते ना? मग पाचशेच्या नोटा घेऊ. नोटेची लांबी 15 सेंटीमीटर. एकापुढे एक मांडत निघालात तर मुंबई ते पुणे हा दीडशे किलोमीटरचा रस्ता झाकायला दहा लाख नोटा पुरतात, म्हणजे पन्नास कोटी रुपये. देशाच्या आरोग्यखर्चानं हा रस्ता झाकेल 18 हजार वेळा! सत्तावीस लाख किलोमीटर नोटा. चंद्रापर्यंत सात पदर अंथरून होतील.

गंमत बघा, हाच डोंगर माणशी वाटला तर हाती येतात वर्षाला 6,602 रुपये. दिवसाला अठरा.

त्या डोंगरातला 39.4 टक्के हिस्सा लोकांनी उपचाराच्या वेळी थेट खिशातून मोजला. 2013-14 मध्ये हाच हिस्सा 64.2 टक्के होता, तेव्हा उतार मोठाच आहे. तरी खिशातून गेलेली ही रक्कम साडेतीन लाख कोटींच्या वर, मुंबई-पुणे सात हजार वेळा. या पैशावर नजर कोणाची? महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांची नोंदणी आजही 1949 च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते. दरपत्रक दर्शनी भागात लावायची सक्ती आली 2021 च्या नियमांनी. बहात्तर वर्षं! दवाखान्यांसाठीचा केंद्राचा 2010 चा कायदा राज्यानं स्वीकारलेलाच नाही. एवढा पैसा नियमांच्या इतक्या विरळ जाळीतून वाहतो, हे मला तरी चंद्रापेक्षा जास्त चक्रावून टाकतं.

सरकारी पैशाची जाळी तरी घट्ट असेल? योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, कार्ड तपासतो, ऑपरेशनला आधी मंजुरी लागते, मग बिल निघतं. सगळं रीतसर. आणि 2023 मध्ये आयुष्मान योजनेवर महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. आधी मृत नोंदवलेल्या 3,446 रुग्णांच्या उपचारांपोटी 6.97 कोटी रुपये दिले गेल्याचं त्यात निघालं. पाचशेच्या नोटांत ही 21 किलोमीटरची रांग, सोलापुराहून तुळजापूरच्या जवळजवळ निम्म्या वाटेपर्यंत.

पण खरा षटकार पुढे आहे. याच अहवालात एकाच मोबाइल नंबरावर नोंदलेले लाभार्थी किती? 7,49,820! नंबर कोणता? 9999999999! 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं. म्हणजे दर पाच सोलापूरकरांतले चार एकाच फोनवर. प्रत्येकाशी एकेक मिनिट बोलायचं म्हटलं, रात्रंदिवस, तर फोन खाली ठेवायला 520 दिवस लागतील. शिवाय 8888888888 वर आणखी 1,39,300 जण रांगेत! सरकारचं म्हणणं, लाभार्थ्याची ओळख पटवायला मोबाइल नंबर लागतच नाही. नसेलही, पण उपचार झाला का, पैसे मागितले का, हे रुग्णाला फोन करून विचारायचं, तर लावायचा कुठे?

आता प्रत्येकाला आभा, म्हणजे आरोग्यखात्याचा स्वतःचा क्रमांक मिळतोय, चांगला 14 अंकी. चौदा अंकांत कागदावर शंभर लाख कोटी क्रमांक मावतात. 140 कोटी लोकांत वाटा. तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत, प्रत्येकाच्या वाट्याला एकाहत्तर हजार!